कॉम्प्रेसर बदलण्याआधी

मार्च सरत आला की आमच्याकडे एक वाक्य रोज ऐकू येतं. माणूस गाडीतून उतरतो, शर्ट पाठीला चिकटलेला असतो, आणि बॉनेट उघडायच्या आत तो सांगून टाकतो, ‘दादा, कॉम्प्रेसर गेलाय.’ कुणीतरी त्याला तसं सांगितलेलं असतं. रस्त्यावरच्या गॅस भरणाऱ्याने, सोसायटीतल्या शेजाऱ्याने, नाहीतर मेव्हण्याने. बदलापूरच्या शिक्षकाकडून मी हे वाक्य ऐकलं आहे, अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या सुपरवायझरकडून ऐकलं आहे, उल्हासनगरच्या कापड दुकानदाराकडून ऐकलं आहे. त्यातल्या कितीतरी गाड्यांचा कॉम्प्रेसर ठणठणीत निघाला. कुठे पंखा बंद होता, कुठे फ्यूज उडालेला, कुठे गॅस गळून गेलेला. आणि ज्यांचा खरोखर गेला होता, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांचा तो पहिल्यांदा गेलेला नव्हता. वर्षापूर्वीच नवा बसवलेला, पावती अजून डॅशबोर्डच्या खणात, आणि आता हाही जाम.

त्या दुसऱ्यांदा गेलेल्या कॉम्प्रेसरसाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

बदलापूर या नावाची एक गोष्ट इथले जुने लोक सांगतात. सुरतेकडे जाणाऱ्या स्वारांचे दमलेले घोडे इथे बदलले जायचे, म्हणून बदलापूर. ती किती खरी हे इतिहासकारांनी ठरवावं. मला ती हातात पाना असताना आठवते. घोडा बदलला, पण पाठ सोलणारं खोगीर तेच ठेवलं, तर पुढच्या मुक्कामाच्या आत दुसरा घोडाही बसणार. कॉम्प्रेसर क्वचितच आपल्या मरणाने मरतो. त्याला तेल मिळालं नाही, त्याच्या पोटात पाणी शिरलं, त्याच्यावर सोसवेना इतका दाब चढत राहिला, म्हणून तो मरतो. खोगीर शोधायचं कसं, हाच या पुस्तकाचा विषय. बोल्ट सोडायला आणि आवळायला तासभर पुरतो. खरं काम त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर आहे.

आमच्या भागात हे काम अधिक काळजीने करावं लागतं. मुंबईला संध्याकाळी समुद्राचा वारा सुटतो. तो कल्याण ओलांडून येईपर्यंत त्याची धार गेलेली असते. मलंगगड, चंदेरी आणि माथेरानच्या डोंगररांगेच्या कुशीत बदलापूर तापत बसतं आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी पार करतो. गाडीतली उष्णता पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत टाकायची, एवढंच एसीचं काम. बाहेरची हवाच चाळीस अंशांची असेल तर ती उष्णता सहजी घेत नाही. मग कॉम्प्रेसरला गॅस जास्त दाबावा लागतो. त्यात गाडी कल्याण–बदलापूर रस्त्यावर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारापाशी अडकली, की धावत्या गाडीला मिळणारा वाराही थांबतो. मग कंडेन्सरच्या मागचा पंखा हाच एकटा आधार. तो पंखा पहिल्या स्पीडवर फिरतो आणि दुसऱ्या स्पीडचा रिले मेलेला असतो, हे मालकाला कळायचा मार्ग नसतो. खोणी-काटईच्या मोकळ्या रस्त्यावर एसी बर्फासारखा, कोंडीत शिरला की कोमट. असं कुणी सांगितलं तर कॉम्प्रेसरकडे बघूच नका, आधी पंख्याकडे बघा. आणि कंडेन्सरच्या पापुद्र्यांत रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची धूळ किती बसली आहे तेही बघा.

मग पावसाळा. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या माणसांना सांगावा लागत नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. नदीकाठच्या वस्त्यांमध्ये त्या दिवशी किती गाड्या चाकांच्या वर बुडाल्या, ते मात्र फक्त गॅरेजवाल्यांनी पाहिलं. कॉम्प्रेसर इंजिनच्या खालच्या अंगाला असतो. त्याच्या पुलीच्या बेअरिंगमध्ये एकदा नदीचा गाळ गेला की ग्रीस धुऊन निघतं आणि दिवाळीच्या सुमारास घरघर सुरू होते. तिथे निदान अगदी सोपं आहे. एसी बंद असतानाही घरघर येते का, ते ऐकायचं. येत असेल तर आवाज पुलीच्या बेअरिंगचा, कारण एसी बंद असला तरी पट्टा पुली फिरवतच असतो. आवाज फक्त एसी चालू केल्यावर येत असेल तर मामला कॉम्प्रेसरच्या पोटातला. बऱ्याच मॉडेलना बेअरिंग वेगळं मिळतं, पूर्ण कॉम्प्रेसर घ्यायची गरज नसते.

पुली आणि कॉम्प्रेसर यांना जोडणारा-सोडणारा क्लच ही किती मोठी सोय आहे, हे जुनी गोष्ट ऐकल्यावर कळतं. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये एसी असलेली मोटार पुढे आणली, तेव्हा त्या यंत्राला क्लच नव्हता. थंडी नको असेल तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा. आपल्याकडे कुर्ल्यात तयार होणाऱ्या पद्मिनीला लोक डॅशबोर्डखाली बाहेरून एसी बसवून घेत, त्या काळापर्यंत हा क्लच घरचा झाला होता. आता तर नव्या पुष्कळ गाड्यांत तो पुन्हा गायब झाला आहे. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला एक विजेवर चालणारा कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचा ओढा कमी-जास्त करतो. अशा गाडीत ‘क्लच टिक करत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर गेला’ असा निकाल देणारे लोक मी पाहिले आहेत. मुळात तिथे टिक करणारं काही नसतंच.

आता थंडी तयार होते कशी, हे थोडक्यात. उन्हाळ्यात माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. एसीत तेच घडतं, फक्त पाण्याच्या जागी असा पदार्थ असतो जो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. तो आर-१३४ए, गॅरेजच्या भाषेत नुसता ‘गॅस’. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि गाडीतली उष्णता पितो. माठातली वाफ आकाशात जाते, पुन्हा येत नाही. इथे ती परत आणावी लागते. कॉम्प्रेसर ती ओढतो, दाबतो, तापवतो, आणि कंडेन्सरमध्ये ती उष्णता टाकून पुन्हा द्रव होते. मधला ड्रायर ओलावा टिपतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह द्रवाला बारीक वाट देतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

या फेऱ्यात एक गोष्ट दिसत नाही, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बहुतेक कॉम्प्रेसरना इंजिनसारखी ऑइल पॅन नसते. त्यांचं तेल गॅसबरोबर पाइपांतून फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. गॅस कमी झाला की तेल परत येणं कमी होतं. म्हणून गॅस गळाला की गाडीतला प्रेशर स्विच क्लचला वीजच देत नाही. हा बिघाड नाही, हे संरक्षण आहे. पण ग्राहक घाईत असतो, मिस्त्री घाईत असतो, आणि कुणीतरी वायरचा तुकडा घेऊन स्विचची दोन टोकं जोडून देतो. क्लच लागतो, दोन मिनिटं बरं वाटतं, आणि कोरडा कॉम्प्रेसर स्वतःलाच खायला लागतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी ही वायर दाखवली आहे. या पुस्तकात दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ती वायर जोडू नका.

निदानाचा क्रम पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. त्यामागचा विचार इथे सांगतो. गेज सेट लावायचा तो आधी इंजिन बंद असताना. दोन्ही काटे सारखे दिसले पाहिजेत आणि त्यांनी हवेचं तापमान सांगितलं पाहिजे. सकाळच्या तीस अंशांना साधारण ९७ पीएसआय, दुपारच्या चाळीस अंशांना साधारण १३३. आकडा याच्या बराच खाली असेल तर द्रव गॅस संपला आहे, म्हणजे गळती आहे, आणि पहिलं काम गळती शोधण्याचं. आकडा बरोबर असेल तर आत थोडा तरी द्रव आहे एवढंच सिद्ध होतं. तो शंभर ग्रॅम आहे की पाचशे, ते गेज सांगू शकत नाही. इथे फार जण फसतात. ‘प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे’, हा निष्कर्ष चुकीचा. गॅस मोजायचा तो वजनकाट्यावर.

मग इंजिन चालू करायचं, एसी लावायचा आणि काटे काय करतात ते शांतपणे बघायचं. धडधाकट कॉम्प्रेसर त्यांची फारकत करतो. लो साइडचा, म्हणजे तो गॅस ओढतो त्या बाजूचा, काटा पडून तिशीच्या आसपास येतो, हाय साइडचा, म्हणजे दाबून सोडतो त्या बाजूचा, चढून दोनशेकडे जातो, उन्हात त्याहूनही वर. दोन्ही काटे खाली राहिले तर गॅस कमी. दोन्ही वर चढले तर गॅस जास्त, किंवा पंखा बंद, किंवा कंडेन्सर चोंदलेला. लो साइड पार शून्याकडे गेली तर कुठेतरी वाट बंद आहे. दहा मिनिटं गार, मग कोमट, गाडी थोडी उभी केली की पुन्हा गार, असं होत असेल तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडत असावा. आणि गॅस वजनाने पूर्ण, क्लच लागलेला, मधली प्लेट डोळ्यांसमोर फिरते आहे, तरी लो साइड पडत नाही आणि हाय साइड चढत नाही, दोन्ही काटे एकमेकांच्या जवळ घुटमळतात, तेव्हा कॉम्प्रेसरवर बोट ठेवायचं. तेही गाडी क्लच नसलेली असेल तर आधी कंट्रोल व्हॉल्व्ह तपासून.

क्लच लागतच नसेल तर फ्यूज, रिले, वायर आणि अर्थिंग हा क्रम धरायचा. क्लचच्या कॉइलच्या टोकांवर बारा व्होल्ट पोचत असतील आणि तरी प्लेट ओढली जात नसेल, तर कॉइलचा रोध आणि प्लेटची फट मोजायची. फट बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. क्लच झिजून ती वाढली की इंजिन थंड असताना एसी लागतो आणि तापलं की सुटतो. अनेक मॉडेलमध्ये आतली एक पातळ चकती काढली की फट पुन्हा बरोबर होते. त्या चकतीचे पैसे पडत नाहीत.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहायलाच हवी. सुरुवातीच्या दिवसांत, भर जुलैमध्ये, मी एका गाडीचा कॉम्प्रेसर काढला. नवा दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून पाइपांची तोंडं रात्रभर तशीच उघडी ठेवली. ड्रायर जुनाच ठेवला, मालकाचे पैसे वाचावेत म्हणून. गाडी गार झाली, मालक खूश होऊन गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जाम होऊन परत आला. मी पाइप उघडला तर आत काजळासारखा चिखल. आर-१३४एबरोबर वापरलं जाणारं पॅग तेल मिठासारखं ओलावा ओढतं. आमच्या पावसाळी हवेत एक रात्र त्याला पुरते. ते पाणी तेलाला धरून बसतं, आत आम्ल तयार होतं, धातू खरवडला जातो. त्या माणसाला दोनदा खर्च पडला, आणि दुसऱ्यांदाचा माझ्यामुळे. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून ते अधिक लागलं.

त्या दिवसापासून तीन गोष्टी मी कुणाच्याही आग्रहाने सोडल्या नाहीत. पाइप सुटला की त्याच क्षणी तोंडाला टोपी. कॉम्प्रेसर बदलला की ड्रायर नवा. आणि जुन्या कॉम्प्रेसरमधून निघालेलं तेल मापात घेऊन बघायचं, रंगासाठीही आणि मोजण्यासाठीही. तेल स्वच्छ असेल तर बाकीच्या भागांत शिल्लक राहिलेलं तेलही हिशेबात धरावं लागतं. समजा जुन्यातून ४० मिलिलिटर निघालं आणि नवा १२० मिलिलिटर भरून आला, तर जादाचं ८० आधी काढायचं आणि नव्या ड्रायरसाठी लागेल तेवढं उरलेल्यात मिळवायचं. काढलं नाही तर तेलाचा थर कूलिंग कॉइलमध्ये बसून थंडी कमी होते, आणि नवा कॉम्प्रेसरच वाईट निघाला असा बोभाटा होतो. तेल काळं आणि चमचम करणारं असेल तर हा हिशेब बाद. तेव्हा पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करायची, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा, आणि कंडेन्सर आजच्या बारीक नळ्यांचा असेल तर तोही नवा, कारण त्या नळ्यांतला कचरा फ्लशने पूर्ण निघत नाही. मग पूर्ण मापाचं तेल. हे ऐकून ग्राहकाचा चेहरा उतरतो, मला माहीत आहे. पण जुन्या कंडेन्सरमधला कचरा घेऊन नवा कॉम्प्रेसर किती दिवस चालेल, ते त्याला जुन्या तेलाची वाटी दाखवून समजावता येतं. आमच्याकडे वाटी दाखवल्यावर नाही म्हणणारा माणूस विरळा.

व्हॅक्यूमबद्दलही लोकांचा समज अर्धा असतो. पंप लावायचा तो हवा काढायला, एवढंच सांगितलं जातं. हवा तर पाच मिनिटांत निघते. बाकीची मिनिटं पाण्यासाठी असतात. पोकळी २८.७ इंचांच्या पुढे गेली की तीस अंशांचं पाणी उकळायला लागतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणून निदान अर्धा तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. मात्र पॅग तेलाने धरून ठेवलेलं पाणी पंपाने निघत नाही. तिथे पुन्हा टोपीच कामाला येते. पंप बंद करून काटा जागेवर राहतो का, ते बघायचं. शंका आली तर नायट्रोजनने दाब देऊन साबणाचं पाणी लावायचं. हवेचा कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन या कामाला कधीही लावायचा नाही. तेल आणि ऑक्सिजन दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो.

स्वस्त गॅसबद्दल कडक बोलतो. एलपीजी मिसळलेला गॅस थंडी चांगली देतो, म्हणून तो भरणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो. कूलिंग कॉइल गळली तर तोच गॅस बंद काचांच्या गाडीत, मुलंबाळं बसलेली असताना पसरतो. बनावट गॅसमध्ये याहून भयंकर पदार्थही सापडले आहेत. २०११ मध्ये जहाजांवरचे शीतकंटेनर फुटून कामगार दगावले. त्यांत आर-१३४ए म्हणून मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरलेला होता, आणि तो ॲल्युमिनियमला लागला की हवेत आपोआप पेटणारं रसायन तयार होतं. गाडीचा कॉम्प्रेसर ॲल्युमिनियमचाच असतो. सिलिंडरचं सील आणि विक्रेत्याचं बिल बघूनच गॅस घ्या.

खरा गॅसही हवेत सोडायचा नाही. जुना आर-१२ ओझोनचा थर खात होता, म्हणून १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४एने ओझोन वाचला, पण हाही गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. गाडीतला अर्धा किलो गॅस नट ढिला करून फुस्स सोडून देणं म्हणजे साधारण तीनशे लिटर पेट्रोल जाळण्याइतकं पाप. असे गॅस हळूहळू कमी करण्याचा किगालीचा करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. गॅस काढून साठवणारी मशीन महाग आहे, हे मी नाकारत नाही. चार गॅरेजनी मिळून एक घेता येते. बदलापूरला उन्हाळा वाढतो आहे म्हणून एसीचा धंदा वाढतो, आणि तो उन्हाळा वाढवण्यात आपलाच हात असावा, हे मला सहन होत नाही.

जुन्या आणि रिकंडिशन कॉम्प्रेसरचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला जुना कॉम्प्रेसर कधी कधी चांगला निघतो. तो घ्यायचाच असेल तर पुढची प्लेट हाताने फिरवा. ती अडखळता कामा नये, सैल भिंगरीसारखी फिरताही कामा नये. पाइपांची तोंडं बंद होती का, ते बघा. उघड्यावर पडलेला असेल तर मी तो फुकट दिला तरी बसवत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीला मात्र जुना भाग नको आणि अंदाजही नको. तिथला कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, केबल नारिंगी असतात, आणि नेहमीचं पॅग तेल त्यात गेलं तर विजेचा रोध मोडतो. त्याचं प्रकरण वेगळं दिलं आहे, आणि प्रशिक्षण नसलेल्याने ते फक्त वाचण्यापुरतं वाचावं.

हे लिखाण मिस्त्रींसाठी आहे, आयटीआयच्या मुलांसाठी आहे, आणि गाडीच्या मालकांसाठीही. उल्हासनगरच्या ज्या गल्लीत मी हे काम शिकलो, तिथे एकेकाळी लष्करी छावणीच्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं त्यांत येऊन राहिली आणि १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. हाताशी असेल त्यातून वस्तू दुरुस्त करायची विद्या तिथल्या हवेतच होती. माझे वस्ताद सिंधी, बरोबरची मुलं मराठी आणि उत्तरेतली, आणि शिकवणं सगळं तोंडी. कागद नव्हता. तेल किती, फट किती, गॅस किती, हे ज्याने त्याने डोक्यात ठेवायचं, आणि डोक्यातलं चुकलं की ग्राहकाने भोगायचं. म्हणून या पुस्तकात दर प्रकरणाच्या शेवटी कोरी पानं सोडली आहेत. गाडीचं मॉडेल, गॅसचं वजन, निघालेलं तेल, दोन्ही काट्यांचे आकडे आणि त्या दिवशीचं तापमान त्यांवर लिहा. बॉनेटवरच्या स्टिकरवर गॅसचं वजन छापलेलं असतं. आधी ते उतरवून घ्या.

पहिलं प्रकरण इंजिन बंद असतानाच सुरू होतं. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. पट्ट्याजवळ हात नेण्याआधी गाडीची किल्ली काढा आणि ती मालकाकडे नको, आपल्या खिशात ठेवा.